घरची खटपट : तापलेला लॅपटॉप



मागच्या खेपेला गॅरेजच्या दाराबद्दल लिहिलं होतं. या वेळचा विषय बहुतेकांच्या मांडीवरच आहे, तेव्हा फार प्रस्तावना नको.

२०२४ च्या मे महिन्यात आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे शुगर लँडला आले. सामानात बाकरवडी, मेतकूट, दोन गोधड्या (इथल्या कम्फर्टरमध्ये बाबांना झोप लागत नाही) आणि बाबांचा २०१६ साली घेतलेला लॅपटॉप. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते आठवणी लिहितायत. आजोबा कोयना प्रकल्पावर होते, त्यामुळे बाबांचं लहानपण कोयनानगरात गेलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते तिथेच होते, १६ वर्षांचे. ते प्रकरण अजून लिहायचं होतं. अमेरिकेत सहा महिने दुसरं काम नाही, तेव्हा इथेच लिहून होईल असा त्यांचा हिशेब.

आल्यावर तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अरे, हा हल्ली फार तापतो रे. हाताला चटके बसतात. बघतोस का जरा?"

"बघतो बाबा. वीकेंडला."

पुढचे तीन वीकेंड पोराचं पोहणं, देशी दुकानातली भाजी आणि मंडळाची मीटिंग यात गेले. सांगायला लाज वाटते, पण ऑफिसात माझं कामच सर्व्हरवर नजर ठेवायचं आहे. एखाद्या रॅकचं तापमान पाच अंशांनी चढलं तर रात्री दोन वाजता माझा फोन वाजतो आणि मी मुकाट्याने उठतो. बाबांचा फोन वाजत नव्हता, एवढाच फरक.

चौथ्या वीकेंडला बसलो. पहिली गोष्ट दिसली ती लॅपटॉपची जागा. बाबा पलंगावर पाय लांब करून, मांडीवर गोधडी आणि गोधडीवर लॅपटॉप असे लिहायचे. बहुतेक लॅपटॉप हवा खालून आत घेतात आणि बाजूने किंवा मागून बाहेर टाकतात. खालच्या फटी गोधडीत रुतल्या की पंखा कितीही ओरडला तरी फिरवायला हवाच नाही. तुमच्यापैकी जे सोफ्यावर उशी घेऊन बसतात, त्यांचंही हेच होतं.

थोडं गणित सांगतो, कंटाळू नका. बाबांच्या लॅपटॉपचा प्रोसेसर १५ वॅटचा आहे. आपल्याकडे पूर्वी रात्री लावायचा तो झिरोचा बल्ब साधारण तेवढाच असायचा. प्रोसेसर जी वीज खातो तिची जवळजवळ सगळी उष्णता होते. म्हणजे अंगठ्याच्या नखाहून जरा मोठ्या तुकड्यावर एक झिरोचा बल्ब कायम पेटलेला. त्याची उष्णता थर्मल पेस्टमधून तांब्याच्या पट्टीत, तिथून हीट पाइपमध्ये, पाइपच्या टोकाला असलेल्या बारीक पात्यांच्या जाळीत, आणि पंख्याच्या वाऱ्याने बाहेर जाते. हीट पाइप म्हणजे नुसता तांब्याचा भरीव दांडा नव्हे. आत हवा काढून घेतलेली पोकळी आणि थोडंसं पाणी असतं. गरम टोकाला वाफ होते, थंड टोकाला तिचं पाणी होतं, आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते वातीसारखं परत येतं. विद्यार्थी असताना मला हे कुणी उघडून दाखवलं असतं तर थर्मोडायनॅमिक्समध्ये एवढे कमी मार्क पडले नसते.

या साखळीत कुठेही अडलं तरी लॅपटॉप तापतो. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी मोजायचं. एचडब्ल्यूमॉनिटर किंवा कोअर टेम्प असे फुकट प्रोग्रॅम मिळतात, ते प्रोसेसरच्या आतल्या सेन्सरचा आकडा दाखवतात. निवांत असताना ४० ते ५० सेल्सियस, साधं काम करताना ६० ते ७५, इतपत ठीक. बऱ्याच इंटेल प्रोसेसरांची मर्यादा १०० च्या आसपास असते. तिथे पोचले की ते जळत नाहीत, स्वतःच वेग कमी करतात. "हल्ली फार स्लो झालाय" ही तक्रार पुष्कळदा ही असते. आणि हेही लक्षात ठेवा की पंखा खोलीचीच हवा फिरवतो. खोली दहा अंशांनी गरम तर प्रोसेसरही साधारण तेवढाच वर.

बाबांचा आकडा काहीही न करता ८१ होता. टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयू ६० टक्के. ब्राउझरमध्ये ४१ टॅब! सगळी मराठी वर्तमानपत्रं, प्रत्येकात आपोआप सुरू होणारी जाहिरात. शिवाय दोन अँटिव्हायरस, एक लॅपटॉपबरोबर आलेला आणि मुदत संपलेला, दुसरा पुण्यातल्या दुकानदाराने "असू द्या काका" म्हणून टाकलेला. दोघं मिळून प्रत्येक फाइल दोनदा तपासत होते. एक काढून टाकला, टॅब बंद केले (बाबांना विचारून, एकेक करून, यात तास गेला), आणि पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्क्यांवर आणली. बऱ्याच लॅपटॉपवर एवढ्या एका टक्क्याने टर्बो बंद पडतो आणि तापमान चांगलंच उतरतं. लिहायला-वाचायला टर्बो लागत नाही.

आकडा ५२ वर आला. गोधडीच्या जागी स्वैपाकघरातला लाकडी ट्रे दिला. मी विजयी मुद्रेने उठलो.

"हाताखाली अजून गरम लागतंय पण," बाबा म्हणाले. "आणि ते खालचं बटण दाबलं जात नाही नीट. आधी टक् वाजायचं."

"जुना झालाय बाबा. माउस देतो." आणि दिला.

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहितोय. त्या एका मिनिटात बाबांनी मला रोगाचं नाव सोडून सगळं सांगितलं होतं. बाबांच्या लॅपटॉपचा प्रोसेसर आणि पंखा वरच्या डाव्या कोपऱ्यात आहे. हात टेकतो तिथे, टचपॅडच्या खाली, बॅटरी असते. मी महिनाभर "किती तापतोय" हे मोजत होतो, "कुठे" हे विचारलंच नाही.

मग बेरिल आलं. ८ जुलै २०२४, सोमवार. मॅटागोर्डाजवळ पहाटे किनाऱ्याला लागलेलं ते पहिल्या श्रेणीचं चक्रीवादळ, म्हणजे ह्यूस्टनकरांच्या हिशेबात किरकोळच. पण २२ लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. जे इथे होते त्यांना वेगळं सांगायला नको. आमची पाच दिवस नव्हती. झाड पडलं ते कुंपणावर, घर वाचलं. पण एसी नसलेलं टेक्ससमधलं घर जुलैत काय होतं ते आई-बाबांनी पहिल्यांदाच पाहिलं. दुपारी बैठकीच्या खोलीत ९२ फॅरनहाइट, म्हणजे ३३ सेल्सियस, आणि दमटपणा मुंबईला लाजवेल असा. बाबा म्हणाले, "यापेक्षा सोलापूर बरं. तिथे निदान घाम वाळतो."

टीव्ही नाही, इंटरनेट नाही. बाबांनी भूकंपाचं प्रकरण काढलं. गाडीच्या इन्व्हर्टरवर मी सकाळ-संध्याकाळ फोन आणि लॅपटॉप चार्ज करून द्यायचो. (गाडी ड्राइव्हवेवर काढूनच चालू करा, दार उघडं असलं तरी गॅरेजमध्ये नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.) बाबा उघड्या खिडकीशी बसून टाइप करायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी आतून आवाज आला, "गेला!"

बॅटरी ४३ टक्के दाखवत असताना लॅपटॉप एकदम काळा पडला होता. परत चालू केला तेव्हा तापमान ७४. म्हणजे प्रोसेसर दोषी नाही. तरी मी म्हटलं, "उकाडा आहे बाबा, जरा गार होऊ दे." तासाभराने पुन्हा तेच, या वेळी ३८ टक्क्यांवर.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. विंडोजमध्ये एक सोय आहे, बऱ्याच जणांना माहीत नसते. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी' ही आज्ञा 'स्लॅश बॅटरीरिपोर्ट' जोडून दिली की बॅटरीची कुंडली तयार होते. मूळ क्षमता किती आणि आता पूर्ण चार्ज होऊन किती भरते, हे दोन आकडे शोधायचे. बाबांच्या बॅटरीत मूळच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त उरलं होतं. अशी थकलेली बॅटरी आकडा ४३ दाखवते, पण जरा भार आला की तिचा व्होल्टेज कोसळतो आणि लॅपटॉप बंद.

लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि एका कोपऱ्यावर बोट दाबलं. डुगडुगला. सपाट टेबलावर सपाट लॅपटॉप डुगडुगत नाही. डोळ्याच्या पातळीवर आणून बघितला तर खालचं कव्हर मधोमध फुगलेलं, पोळीचा पदर सुटावा तसं. टचपॅडचं टक् वाजायचं बंद झालं होतं कारण खालून बॅटरी त्याला वर ढकलत होती.

लिथियम बॅटरी जुनी झाली की आतल्या रसायनाचं विघटन होऊन वायू तयार होतो आणि तिची पिशवी फुगते. उष्णता आणि कायम १०० टक्के चार्ज, ही दोन्ही कारणं ते लवकर घडवतात. बाबांचा चार्जर आठ वर्षं भिंतीतून निघाला नव्हता. फुगलेली प्रत्येक बॅटरी पेट घेतेच असं नाही, पण ती दाबली, वाकली, टोचली गेली तर आतले थर एकमेकांना टेकून घेऊ शकतात. ऑगस्ट २००६ मध्ये डेलने सोनीने बनवलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या, आठवतंय? आणि २०१६ साली सॅमसंगचा नोट सेव्हन विमानात न्यायलाच बंदी झाली होती. फुगलेली, खराब झालेली बॅटरी आजही विमानात नेता येत नाही, ना हातातल्या बॅगेत, ना सामानात. बाबा हीच बॅटरी पोटाशी धरून पुणे ते ह्यूस्टन आले होते, आणि नोव्हेंबरमध्ये तशीच परत नेणार होते. मधल्या काळात ती रोज रात्री त्यांच्या उशाशी, गोधडीवर, चार्जिंगला.

बायकोने एवढंच विचारलं, "त्यांनी कधी सांगितलं होतं तुला?"

असो.

अशी बॅटरी दिसली तर काय करायचं ते सांगतो, कारण इथे उत्साह महागात पडतो. चार्जर लगेच काढा आणि पुन्हा लावू नका. कव्हर दाबून परत बसवायचा मोह टाळा. बॅटरीत चार्ज जितका कमी तितका धोका कमी, त्यामुळे ती उतरलेली असलेली बरी. बॅटरी स्क्रूंनी बसवलेली असेल तरच घरी हात घाला. गोंदाने चिकटवलेली असेल तर ती खरवडून काढायची वस्तू नव्हे, दुरुस्तीवाल्याकडे द्या. बाबांची स्क्रूवाली निघाली. वायरीचं कनेक्टर आधी सोडवलं, मग सहा स्क्रू, मग दोन्ही हातांनी पापड उचलावा तशी उचलली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पोराच्या सँडबॉक्समधली कोरडी वाळू घातली, त्यात ती ठेवली, आणि झाकण न लावता डबा ड्राइव्हवेच्या टोकाला, गाडी आणि घर दोन्हींपासून लांब. कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, तिथून ती कचऱ्याच्या ट्रकमध्ये चेपली जाते. दुकानांच्या दाराशी ठेवलेल्या बॅटरीच्या पेट्याही फुगलेल्या बॅटरीसाठी नसतात. कौंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्राला आधी फोन करून, काय आहे ते स्पष्ट सांगून, मग तिथे नेऊन दिली. तोपर्यंत तीन रात्री मी दोन-दोनदा उठून खिडकीतून डबा बघत होतो.

लॅपटॉप उघडलाच आहे तर पुढचंही काम उरकलं. शुक्रवारी संध्याकाळी वीज आली, एसीचा पहिला वारा अंगावर घेऊन बसलो. बाबांनी टॉर्च धरला. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो मदरबोर्डमध्ये घुसतो. म्हणून कागदावर लॅपटॉपची चौकट काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टेपने चिकटवायचा. पंखा सोडवला तर पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे राखाडी रंगाची एक वडी, घोंगडीच्या तुकड्यासारखी. पुण्याची धूळ आणि गोधडीचे धागे, आठ वर्षांचे. चिमट्याने अख्खी निघाली.

"गाळ," बाबा म्हणाले. मग टॉर्च जरा खाली करून, "टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही म्हणून कुणी धरणावर पळत नाही रे. आधी कालव्याच्या कडेने चालत जायचं. कुठे गाळ आहे, कुठे फुटलाय, ते डोळ्याने बघायचं. आणि त्या शेतकऱ्याला विचारायचं."

मी "हं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

उरलेली धूळ हवेच्या डब्याने उडवली. डबा उभा धरायचा, लहान-लहान फुसकारे मारायचे, आणि पंख्याची पाती टूथपिकने अडवून धरायची. नाहीतर वाऱ्याने पंखा वेड्यासारखा फिरतो, बेअरिंग जातं, आणि फिरणारी मोटर उलटी वीज तयार करते ती वेगळीच. व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. जुनी पेस्ट खडूसारखी वाळली होती. ती ९० टक्क्यांवरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि गॅलरियाजवळच्या मायक्रो सेंटरमधून आणलेली नवी लावली. किती? तांदळाच्या एका दाण्याएवढी. जास्त लावली की जास्त थंड, असं नसतं. पेस्टचं काम फक्त दोन पृष्ठभागांमधल्या अदृश्य खाचा भरायचं आहे, जाड थर उलट अडथळा होतो. तांब्याच्या पट्टीच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ आकडे छापलेले असतात, त्याच क्रमाने थोडे-थोडे आवळायचे.

बरेच लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालतात. बाबांचा चालला. तापमान निवांत असताना ४३. पण त्या क्षणी आकड्यात कुणालाच रस नव्हता. फाइल उघडेपर्यंत बाबा माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. ११२ पानं, आणि जगात त्यांची दुसरी प्रत नाही! ती डेस्कटॉपवर 'नवीन २' या नावाने होती. ('नवीन' आणि 'नवीन १' रिकाम्या होत्या.) उघडली. शेवटचं दीड पान नव्हतं, एकदम बंद पडला त्यात गेलं. बाकी सगळं होतं.

पेनड्राइव्हवर एक प्रत, माझ्या लॅपटॉपवर एक, क्लाउडवर एक. फाइलला नाव दिलं. दीड पानात काय होतं विचारलं तर म्हणाले, "आई आम्हाला अंगणात बसवून परत घरात गेली होती, ते. कंदील आणायला." ते त्यांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहिलं, पण वाचून दाखवताना दोनदा थांबून म्हणाले की पहिलं चांगलं होतं. असेलही.

नवी बॅटरी मागवताना लॅपटॉपच्या मॉडेलवर जाऊ नका. जुन्या बॅटरीवर छापलेला पार्ट नंबर आधी फोटो काढून ठेवा, एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन तऱ्हेच्या बॅटऱ्या असतात. मी आधी चुकीची मागवली. नवी बसल्यावर सेटिंगमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायचा पर्याय सापडला, तो चालू केला. बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये तो असतो, पण बंद असतो.

आई-बाबा नोव्हेंबरमध्ये परत गेले. परवा रविवारी फोनवर विचारलं, लॅपटॉप कसा आहे?

"उत्तम. टक् वाजतंय."

"गोधडीवर ठेवत नाही ना?"

"नाही रे. पाटावर ठेवतो."

मागून आईचा आवाज, "पाट गोधडीवर ठेवतात!"

पाट चालेल, म्हटलं.